सर गेले, टीम गेली: पॅट समिट, शैलजा जैन आणि मुलींच्या कोचची नोकरी

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना तोंडात येणारे ‘आपलं ते’ आणि ‘म्हणजे ना’ बरेचसे गाळलेत. सगळे गाळले असते तर तो माझा एपिसोड राहिला नसता.)

[००:००] भाचीचा प्रश्न

आजचा विषय माझ्या भाचीनं दिला आहे, त्यामुळे तक्रारी तिच्याकडे पाठवा.

दिवाळीला धारणीला गेलो होतो. नवीन श्रोत्यांसाठी सांगतो, धारणी म्हणजे अमरावती जिल्ह्यातला मेळघाटातला तालुका. अमरावतीहून निघालात की परतवाडा, मग घाट, सेमाडोह, हरिसाल आणि मग आमचं गाव. दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण घाटाच्या वळणांमुळे हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, किती जणांना उलटी झाली त्यावर मोजतात.

तर भाची नववीत आहे. कबड्डी खेळते, शाळेत एकच रिंग आहे तिथे बास्केटबॉलही खेळते. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. ती शेजारी येऊन म्हणाली, “मामा, पोरींच्या टीमची कोच झालं तर पगार भेटते का?”

मी तोंड उघडायच्या आत आतून तिची आई, म्हणजे माझी ताई, ओरडली, “काही भेटत नाही. अभ्यास कर.”

आता ताई हे बोलते त्याला कारण आहे, आणि त्या कारणाकडे मी शेवटी येणार आहे. पण प्रश्न मला आवडला. मुलींच्या संघाचा कोच ही खरोखर कारकीर्द आहे का? असेल तर ती कशी चालते? सुरुवात कुठून होते, पैसे कुठून येतात, आणि चांगला कोच कशामुळे घडतो?

याचं उत्तर शोधताना दोन बाया सापडल्या. एक अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली, कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवणारी. दुसरी आपल्या नाशिकची, मुलींना कबड्डी शिकवणारी. दोघींच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की भाचीचं उत्तर मिळतं. पूर्ण गोड नाही, पण मिळतं.

[०३:४०] आधी, कोच नेमकं करतो काय?

मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचा स्कोअरर होतो. खेळता येत नव्हतं, पण तक्ते नीट भरता येत होते, म्हणून सरांनी बसवलं. तोवर मला वाटायचं, कोच म्हणजे बाजूला उभं राहून ओरडणारा माणूस.

स्कोअरशीट भरायला लागल्यावर कळलं की ओरडणं हा कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. बास्केटबॉलचा सामना आपल्याकडे दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा. त्यात कोचच्या हातात फार थोड्या गोष्टी असतात: कुणाला बसवायचं, कुणाला उतरवायचं आणि टाइमआउट कधी घ्यायचा. बाकी सगळं आधीच ठरलेलं असतं. म्हणजे कुणाचा डावा हात कच्चा आहे, कोण दमली की चुकीचा पास देते, कोण हरत असताना गप्प होते, हे त्याला सामन्याच्या दिवशी कळून उपयोग नाही. ते महिनोन्‌महिने सरावात बघून कळतं.

आमचे सर सामना संपला की गुण विचारायचे नाहीत. विचारायचे, “टर्नओव्हर किती?” टर्नओव्हर म्हणजे बास्केटकडे शॉटही न मारता बॉल समोरच्यांना देऊन टाकणं. चुकीचा पास, पावलं जास्त टाकणं, हातातून सुटणं. गुण हा निकाल झाला, टर्नओव्हर हे कारण. मी पुढे सॉफ्टवेअरमध्ये आलो तेव्हा हे फार कामाला आलं, ते जाऊ द्या.

तर कोचचं काम मुख्यतः तीन ठिकाणी चालतं. मुली शोधणं, त्यांना घडवणं, आणि त्या खेळ सोडून जाणार नाहीत असं बघणं. तिसरं काम सगळ्यात कमी दिसतं, आणि मुलींच्या बाबतीत तेच सगळ्यात मोठं असतं. घरी जाऊन वडिलांशी बोलणं, बारावीच्या वर्षी सराव सुटू न देणं, परगावच्या स्पर्धेला सोबत बाई आहे ना ही चिंता मिटवणं, सगळं त्यात आलं.

[०७:१५] बावीस वर्षांची कोच

आता टेनेसीला जाऊ. पॅट समिट. जन्म १९५२. माहेरचं आडनाव हेड. शेतकऱ्याचं घर, पाच भावंडं, तीन मोठे भाऊ. तंबाखूचं शेत, गाई, दूध काढणं, सगळी कामं. वडिलांनी गोठ्याच्या माळ्यावर, जिथे कडबा ठेवतात तिथे, बास्केटबॉलची रिंग लावून दिली होती. दिवसभराचं काम उरकलं की रात्री भावांबरोबर तिथे खेळ.

हायस्कूलची वेळ आली तेव्हा अडचण झाली. त्यांच्या भागातल्या शाळेत मुलींची टीमच नव्हती. मग घरच्यांनी काय केलं? शेजारच्या काउंटीत, म्हणजे आपल्या हिशेबानं शेजारच्या तालुक्यात, जिथे मुलींची टीम होती तिथे राहायला गेले. पोरीच्या खेळासाठी घर हलवलं. आमच्याकडे पोरीच्या खेळासाठी एसटीचं तिकीट काढायला घर हलत नाही, हे मी प्रेमानं सांगतोय.

१९७४ साली, बावीस वर्षांच्या असताना, पॅट टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या मुख्य कोच झाल्या. खरं तर त्या तिथे पदव्युत्तर शिक्षण घेत घेत सहायक म्हणून काम करायला आल्या होत्या. आधीच्या कोच बाजूला झाल्या आणि जबाबदारी यांच्या गळ्यात पडली. पगार महिन्याला २५० डॉलर. संघातल्या काही मुली त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षानं लहान.

कामं कोणती? कोचिंग तर होतंच. शिवाय गाडी चालवणं आणि मुलींचे गणवेश धुणं. ते गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. परगावी सामना असला तर कधी समोरच्या संघाच्या जिममध्येच अंथरूण टाकून झोपायचं. यातलं काय आपल्याला अनोळखी आहे? आपल्या कुठल्याही तालुक्याच्या क्रीडा शिक्षकाला विचारा, तो म्हणेल, हे तर माझंच चाललंय.

पहिला सामना डिसेंबर १९७४ मध्ये झाला. एका गुणानं हरल्या, ८४ विरुद्ध ८३.

[११:३०] कायदा आला म्हणून काय झालं

इथे थोडी पार्श्वभूमी हवी, नाहीतर गोष्ट नुसती जिद्दीची होईल, आणि नुसत्या जिद्दीच्या गोष्टींचा मला कंटाळा आहे.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं तयार केला. हिवाळ्यात पोरांना आत खेळायला काहीतरी द्यायचं होतं. दुसऱ्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींना शिकवायला घेतला. पण मुली दमतील, त्यांची धक्काबुक्की होईल, या काळजीनं मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीनं आपल्याच भागात राहायचं असा नियम केला.

त्या नियमाचं शेपूट किती लांब गेलं बघा. टेनेसीच्या शाळांमध्ये १९७९ पर्यंत मुलींचा खेळ सहा-सहा जणींचा होता. तिघी फक्त हल्ला करणार, तिघी फक्त बचाव, आणि कुणी मधली रेषा ओलांडायची नाही. म्हणजे आयुष्यभर अर्ध्या मैदानात खेळलेली मुलगी कॉलेजात येणार आणि तिथे पूर्ण मैदान धावणार. कसं जमायचं? पॅट समिट यांनी शाळांच्या संघटनेला सांगितलं, हे बदला, नाहीतर मला राज्याबाहेरच्या मुली घ्याव्या लागतील. त्यांचा तो रेटा आणि कोर्टातली लढाई दोन्ही चाललं, आणि नियम बदलला. आता सांगा, हे काम कुठल्या स्कोअरशीटवर दिसतं?

दुसरी गोष्ट, कायदा. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाची तरतूद आली. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या कुठल्याही शिक्षण संस्थेत मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही. त्यात खेळही आला. त्यामुळे कॉलेजांना मुलींच्या संघांवर हळूहळू खर्च करावा लागला. मुलींना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

पण याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती फार कमी सांगितली जाते. १९७२ साली अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांना बाई कोच होती. २०१४ पर्यंत ते प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास आलं. का? गणवेश धुवायचे आणि २५० डॉलर घ्यायचे, तोवर नोकरी बायांची होती. पगार वाढला तसे पुरुषही अर्ज करू लागले. संधी वाढल्या त्या खेळणाऱ्या मुलींच्या. शिकवणाऱ्या बायांचा वाटा मात्र अर्ध्यावर आला.

म्हणून पॅट समिट यांचं टिकून राहणं लक्षात घ्यायला हवं.

[१६:०५] तेरा हंगाम

आता मला या एपिसोडमधला सगळ्यात आवडता आकडा. तेरा.

१९७४ ला कोच झाल्या. दरम्यान १९७६ मध्ये मॉन्ट्रिअलला, जिथे मुलींचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं, तिथे अमेरिकेकडून स्वतः खेळून रौप्य घेतलं. तेही गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठून. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच संघाच्या कोच म्हणून सुवर्ण. पण आपल्या विद्यापीठासाठी पहिलं राष्ट्रीय विजेतेपद कधी मिळालं? १९८७ ला. तेराव्या हंगामात.

मधल्या वर्षांत त्या फायनलपर्यंत गेल्या आणि हरल्या. एकदा नाही, अनेकदा. विचार करा, आपल्याकडे बारा वर्षं ‘जवळ येऊन हरणाऱ्या’ कोचचं काय झालं असतं?

तिथे त्यांना राहू दिलं. आणि पुढे काय झालं ते आकड्यांतच सांगतो: १९८७, १९८९, १९९१, मग १९९६, १९९७, १९९८ सलग तीन, मग २००७ आणि २००८. आठ विजेतेपदं. १९९७-९८ चा हंगाम ३९ विजय आणि शून्य पराभव. ३८ हंगामांत एकूण १०९८ विजय, २०८ पराभव. महिन्याला २५० डॉलरपासून सुरू झालेला पगार २००६ च्या करारात वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर गेला. तर भाचीबाई, पगार भेटते. पण बत्तीस वर्षांनी.

मला मात्र विजयांपेक्षा त्यांचे दोन नियम जास्त लक्षात राहिले. मुलींनी वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं. आणि तास बुडवला तर सामना खेळायचा नाही, मग ती कितीही मोठी खेळाडू असो. त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेल्या मुलींनी पदवीही पूर्ण केली, आणि हा हिशेब त्या विजयांइतक्याच अभिमानानं सांगायच्या. मघाशी कोचचं तिसरं काम म्हटलं, ते हेच.

२०११ मध्ये, वय ५९, त्यांनी जाहीर केलं की आपल्याला कमी वयात येणारा अल्झायमर झाला आहे. ज्या बाईला पंधरा वर्षांपूर्वीच्या सामन्यातला पास आठवायचा, तिला हे. एक हंगाम त्यांनी सहायकांच्या मदतीनं काढला आणि २०१२ मध्ये पद सोडलं. जागेवर कोण आलं? हॉली वॉरलिक. सत्तरच्या दशकात त्यांच्याच संघात खेळलेली मुलगी, मग अनेक वर्षं त्यांचीच सहायक. २०१६ मध्ये पॅट समिट गेल्या, वय ६४.

आयटीत आपण एक शब्द रोज वापरतो, केटी. नॉलेज ट्रान्सफर. माणूस कंपनी सोडतो तेव्हा पंधरा दिवस नव्या माणसाला काम समजावतो, ते. टेनेसीत केटी पंधरा दिवसांची नव्हती. ती तीसेक वर्षं चालू होती. म्हणून आजारपण अचानक आलं तरी संघ रस्त्यावर आला नाही.

[२१:५०] नाशिकहून इराणला

आता आपल्याकडे या. आणि खेळ बदला, कारण आपल्याकडे मुलींच्या मैदानी खेळाची खरी गोष्ट कबड्डी आणि खो-खोत आहे. बास्केटबॉलमध्येही आहे, पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. पण ज्या खेळाला फक्त फक्की आणि मोकळी जागा लागते, तो खेळ गावोगाव पोचतो.

थोडं गावाकडचं सांगून घेतो. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ माहीत असेलच. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं. या मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. म्हणजे कबड्डी परदेशात नेणं हे वऱ्हाडाला नवीन नाही. मुलींच्या कबड्डीला आशियाई स्पर्धेत जागा मिळायला मात्र २०१० उजाडलं. पुरुषांची १९९० पासून होती.

शैलजा जैन नाशिकच्या. अनेक वर्षं त्यांनी महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकवली, राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडू घडवल्या. भारताच्या संघाची जबाबदारी मिळावी ही त्यांची इच्छा होती. ती मिळाली नाही, हे त्यांनी पुढे मुलाखतींमध्ये स्वतःच सांगितलं आहे. निवृत्त झाल्या. आपल्याकडे इथे गोष्ट संपते. सत्कार, शाल, श्रीफळ, नारळाची वडी.

त्यांची संपली नाही. इराणनं बोलावलं.

साठीच्या आसपासची बाई, शाकाहारी, भाषा येत नाही, नवा देश. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली. मुलींच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. प्राणायाम कबड्डीत शोभेचा नाही. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत चढाई करायची म्हणजे एका दमाचा खेळ, आणि दम टिकला तरच डोकं थंड राहतं. इराणी मुलींचा संघ काही कच्चा नव्हता. २०१४ ला इंचिऑनच्या फायनलमध्ये ते भारताकडून हरले होते. ताकद होती, शेवटच्या पाच मिनिटांत काय करायचं हे कळत नव्हतं. आणि शेवटची पाच मिनिटं सांभाळणं म्हणजेच कोचिंग.

२४ ऑगस्ट २०१८. जकार्ता. आशियाई स्पर्धेची फायनल. भारत आधीच्या दोन्ही वेळचा विजेता. निकाल: इराण २७, भारत २४.

आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत हरवलं होतं. त्यामुळे आपल्याकडे भूकंप झाला. आणि मग काही लोकांनी विचारलं, आपल्या बाईनं आपल्यालाच हरवायचं, हे बरं दिसतं का?

मला यावर एवढंच म्हणायचंय. सॉफ्टवेअरवाला अमेरिकन बँकेसाठी रात्री जागतो तेव्हा आपण पेढे वाटतो. कोच बाईनं तेच केलं तर देशाचा प्रश्न कसा काय? विचारायचाच असेल तर दुसरा प्रश्न विचारा: इतक्या वर्षांचा तिचा अनुभव, तिची केटी, आपण कुणाला दिली?

[२८:२०] इथे नोकरी कशी असते

भाचीसाठी आता कोरडी पण कामाची माहिती.

महाराष्ट्रात खेळ शिकवण्याची नोकरी साधारण तीन दारांतून मिळते. पहिलं दार शाळा. त्यासाठी पदवीनंतर बीपीएड. अमरावतीचं व्यायाम मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय यासाठीच नावाजलेलं आहे. दुसरं दार कॉलेज. तिथे शारीरिक शिक्षण संचालक असं पद असतं. त्यासाठी एमपीएड, आणि वर नेट किंवा सेट. तिसरं दार क्रीडा खात्याचं, जिल्हा क्रीडा कार्यालयातलं क्रीडा मार्गदर्शक हे पद. तिथे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा कामाला येतो. ही संस्था १९६१ पासून आहे आणि तिचा डिप्लोमा एका खेळाचा असतो, सगळ्या खेळांचा नाही.

हा शेवटचा फरक महत्त्वाचा. कॉलेजचे संचालक एकटेच कबड्डी, बास्केटबॉल, अ‍ॅथलेटिक्स, बुद्धिबळ, सगळं बघतात. शिवाय परीक्षा, प्रवेश, पंधरा ऑगस्टचं संचलन. आमच्या कॉलेजचे सर तसेच होते. माणूस उत्तम, पण संध्याकाळी पाच ते साडेसहा एवढाच वेळ बास्केटबॉलला. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या की पंधरा दिवस जोर. तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय. त्या पंधरा दिवसांत जे जमेल ते जमलं. पॅट समिट यांना ३८ हंगाम एकच संघ, एकच खेळ. आपल्या सरांना वर्षाला पंधरा दिवस.

खेळाडू म्हणूनही फायदे आहेत. दहावी-बारावीला क्रीडा गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. पण या सगळ्याची अट एकच, मुलगी तोपर्यंत खेळत राहिली पाहिजे. आणि ती खेळत राहावी यासाठी कुणीतरी तिच्या गावात राहिलं पाहिजे.

[३२:४५] ताईचं कारण

आता ताई. ताई म्हणजे मोठ्या बाबांची मुलगी, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत असताना ती कबड्डीत डावा कोपरा सांभाळायची. मी पहिलीत असेन. पहाटे पाचला अंधारात सगळ्या पोरी एसटी स्टँडवर, अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, प्रत्येकीच्या हातात डब्याची पिशवी. अमरावतीला जिल्ह्याची स्पर्धा. त्यात चार-पाच कोरकू पोरी होत्या, ज्या त्याआधी परतवाड्याच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. ताई सांगते, घाटात अर्धी टीम उलट्या करत होती आणि सर खिशातून लिंबं काढून वाटत होते.

शाळेचं नाव सांगत नाही, सरांचंही नाही. सर बाहेरगावचे होते. दोन वर्षं राहिले. त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी मैदानावर फक्की पडायची. तीन पोरींच्या घरी जाऊन त्यांनी आई-वडिलांना पटवलं, त्यातलं एक घर आमचं. दुसऱ्या वर्षी पोरी जिल्ह्याच्या उपांत्य फेरीत गेल्या.

मग सरांची बदली झाली. त्यांनी मागितली असेल, मिळाली असेल, त्यात त्यांचा दोष नाही. मेळघाटात आलेला प्रत्येक माणूस बदली मागतो, हे इथल्या पोरांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. जागा रिकामी राहिली. पुढच्या वर्षी मैदानावर फक्की पडली नाही.

यावेळी मी ताईला विचारलं, तेव्हा काय वाटलं होतं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, “काय वाटन? सर गेले, टीम गेली. आमाले वाटे, येतीन कोणी. वाट पाहू पाहू बारावी झाली.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “मले पकड जमे बे. खरंच जमे. पन कोणी पाहाले नव्हतं.”

हे ‘पाहाले नव्हतं’ मी एपिसोडसाठी लिहून ठेवलं. कोच म्हणजे शेवटी काय, तर बघणारा माणूस. रोज बघणारा. आज काय बिघडलं आणि काल काय जमलं होतं, हे दोन्ही माहीत असणारा.

[३६:३०] तर उत्तर काय?

भाचीला मी हे सांगितलं. हो, ही नोकरी आहे. अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, पदं आहेत. जागा कमी निघतात, हेही खरं. पण कारकीर्द नोकरीच्या पत्रानं होत नाही, एका जागी घालवलेल्या वर्षांनी होते. पॅट समिट यांना ती वर्षं त्यांच्या विद्यापीठानं दिली आणि तेराव्या हंगामात फळ आलं. शैलजा जैन यांनी तशीच वर्षं आपल्याकडे घालवली, पण वरची पायरी त्यांना दुसऱ्या देशानं दिली. आणि ताईच्या सरांकडे वर्षंच दोन होती.

म्हणून मुलींच्या खेळासाठी काय करावं असं कुणी विचारलं, तर माझं म्हणणं एवढंच आहे. इनडोअर स्टेडियम नंतर बांधा. आधी तालुक्याला एक माणूस द्या जो दहा वर्षं हलणार नाही. तो बाहेरून येऊन टिकत नसेल तर इथलीच पोरगी शिकवून उभी करा. तिला बदली मागायचं कारणच नसेल, कारण ती घरीच असेल.

हे सगळं बोलून झालं तेव्हा ताई काही बोलली नाही. मला वाटलं, विषय संपला. पण परत निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी कुणी नव्हतं. शोधत मैदानावर गेलो. ताई पदर खोचून वाकून फक्की मारत होती. रेघ वाकडी चालली होती. भाची आणि तिच्या सात-आठ मैत्रिणी बाजूला उभ्या राहून हसत होत्या.

मला बघून ताई म्हणाली, “हसू नको. अंतर विसरली मी. तुया फोनमंधी पाहून सांग, पोरींचं मैदान किती बाय किती?”

बारा बाय आठ मीटर. पावलांनी मोजून दिलं.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावात असा कोणी सर किंवा मॅडम असेल, जी वर्षानुवर्षं तिथेच आहे, तर मला लिहून कळवा. त्यांच्यावर एपिसोड करायला आवडेल. भेटू पुढच्या वेळी.